मॅनिफोल्डचा कान

लग्न होऊन मी पेडण्यात आले तेव्हा घराला लागूनच यांचं गॅरेज होतं. माझं माहेर नार्व्याचं, नदीकाठच्या शेतातलं. गाडी ही बसायची वस्तू, एवढंच मला ठाऊक. सुरुवातीला मी नुसता चहा आणि उंडे पाव घेऊन गॅरेजमध्ये जायची. मग एकदा यांनी बॅटरीचा उजेड धरायला सांगितला, आणि मी तिथेच थांबले.

यांचा हात जाड. इंजिनाच्या मागच्या अंगाला, मॅनिफोल्डखाली, जिथले बोल्ट दिसतसुद्धा नाहीत, तिथे तो शिरायचा नाही.

"हात घाल गो जरा," हे म्हणाले.

मी घातला. चाचपत चाचपत बोल्ट भोकात धरला. त्याने आटे पकडले आणि तो बोटांनीच सरसर फिरायला लागला, तेव्हा मला झालेला आनंद कुणाला सांगितला तर हसतील.

यांनी मला मनापासून शिकवलं, हे खरं आहे आणि ते मी नाकारत नाही. मॅनिफोल्डमधून इंजिनात हवा जाते, सांधा जरा जरी हलका राहिला तर तिथून जास्तीची हवा ओढली जाते आणि गाडी उभ्या जागी धापा टाकते. म्हणून आधी जुन्या पॅकिंगचा कण न् कण खरवडून काढायचा. सगळे बोल्ट हातानेच लावून घ्यायचे, पाना नंतर. "मधल्यापासून सुरवात कर, मागीर भायर ये," हे सांगायचे. "एकदा हय, एकदा थंय. एका फेरीत कोणाक पुरा आवळूचो नाय." शेवटची फेरी टॉर्क पान्याने, त्याचा टक् असा आवाज आला की हात थांबवायचा. मॅनिफोल्डचं अॅल्युमिनियम नरम, जोर दाखवायला गेलं तर तुटतं. माझ्या मनगटावर हात ठेवून किती जोर पुरे ते यांनी मला दाखवलं होतं. त्या दुपारी आम्ही दोघं किती सुखात होतो!

पुढे मॅनिफोल्डचं काम आलं की ते माझ्याकडेच यायचं. गिऱ्हाईक गाडी सुरू करून बघायचं, खूश व्हायचं. "काय बसवलंय!" म्हणायचं. हे हात पुसत म्हणायचे, "अहो, इतकी वर्सां हेच करतंय." मी आत असायची, मला ऐकू यायचं. वाईट वाटलं नाही. घरचं काम, कुणाच्याही नावावर गेलं तरी काय, असं मला तेव्हा वाटायचं.

एकदा शाळेच्या हेडमास्तरांची गाडी आली. त्यांना दुसऱ्या दिवशी मुलीसाठी स्थळ बघायला डिचोलीला जायचं होतं. मी पॅकिंग बसवलं, सगळे बोल्ट हाताने लावले, पहिली फेरी हलकी आवळली आणि आमटी उतू जात होती म्हणून आत गेले. यांना भजनाला जायची घाई होती. टॉर्क पाना घ्यायलाही हे थांबले नाहीत. हाताशी आलेला कडेचा बोल्ट साध्या पान्याने एका दमात पुरता आवळला. कड् असा आवाज मला चुलीपाशी ऐकू आला. मी धावत बाहेर आले.

"काय झालां?"

"काय नाय. तू जा आत."

दुसऱ्या दिवशी हेडमास्तर गाडी ढकलत आणल्यासारखे परत आले. इंजिन शिट्टी घालत होतं, गाडी थांबली की बंद पडत होतं. स्थळाकडची मंडळी वाट बघत बसली होती. यांनी बॉनेट उघडलं. बोल्ट बसतो तो मॅनिफोल्डचा कान चिरला होता. मी चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होते.

"कुणी केलं हे?" हेडमास्तरांनी विचारलं.

हे खाली बघत राहिले. मग म्हणाले, "बायलेन हात घातलो. मी नाय म्हटलेलां, पण ऐकणां नाय."

हेडमास्तरांनी माझ्याकडे पाहिलं आणि त्यांचा राग एकदम उतरला. "अहो, बायकांच्या हातात पाना कसला देता!" असं म्हणून ते हसले. हेही हसले. मी ट्रे स्टुलावर ठेवला आणि आत गेले.

दिवेलागणीला मी विचारलं, "असां कित्याक सांगितलास?"

यांना खरोखर आश्चर्य वाटलं. "गिऱ्हाईक गेला असता गो. माझा नाव खराब झाला असता. तुझा काय जाता? तुका कोण विचारता?"

त्यांना भांडायचं नव्हतं. त्यांना ते अगदी सरळ वाटत होतं, आणि मला तेच सहन झालं नाही. सासूबाईंना सांगितलं तर त्या म्हणाल्या, "घोवाचो मान राखूचो." देवळात बायका विचारायला लागल्या, "गाडी मोडलंस म्हणे?" हे स्वतःच ती गोष्ट सांगत सुटले होते. दर लग्नात, दर बारशाला त्यात भर पडत गेली. मी म्हणे पान्यावर उभी राहिले होते.

मी गॅरेजमध्ये जाणं बंद केलं. "हात घाल गो," अशी हाक आली की मी भांडी घासायला घ्यायची. नंतर तुयेला कारखान्यात बायकांची भरती होती, तिथे लागले. पंपाची झाकणं बसवायची. पहिल्याच दिवशी माझा हात बघून सुपरवायझरने विचारलं, "कुठे शिकलात?"

"घोवान शिकयलां," मी म्हटलं. दुसरं काय सांगणार? खरंच होतं ते.

गेल्या वर्षी मुलाची सोयरीक ठरली. व्याही बसले होते, आणि यांनी पुन्हा तीच गोष्ट काढली. मी शिऱ्याच्या बशा देत होते. तोंडातून निघून गेलं, "तो बोल्ट तुमी आवळलास."

यांनी माझ्याकडे पाहिलं. निदान आता, एवढ्या वर्षांनी, असं क्षणभर मला वाटलं.

"बघा," हे व्याह्यांकडे वळून म्हणाले, "अजून कबूल करणां नाय."

व्याही पोट धरून हसले. मुलगाही हसला. व्याह्यांबरोबर आलेल्या होणाऱ्या सुनेने तेवढी मान खाली घातली, का ते मी तिला अजून विचारलेलं नाही.