बाजूला ठेवलेले दाणे

कर्वेनगरच्या बसथांब्यावर ती रोज संध्याकाळी दिसायची. तिशीची असेल. पुडीतले शेंगदाणे खाताना चारपाच दाणे डाव्या मुठीत बाजूला ठेवायची तिला सवय होती. नाव मी कधी विचारलं नाही. काम मात्र एकदा विचारलं.

"कॅन्सरच्या पेशंटांची माहिती कॉम्प्युटरला शिकवते, काका. कुणाला कुठलं औषध लागू पडेल, हे त्याने सांगावं म्हणून. प्रिंटर दुरुस्त करता येत नाही, आधीच सांगते."

मी हसलो. मग सांगितलं, की माझ्या पत्नीने जाण्यापूर्वी अशाच संशोधनासाठी आपल्या गाठीचा तुकडा दिला होता.

तिने हात पुढे केला. मूठ उघडून म्हणाली, "काही पेशंट आम्ही असे बाजूला ठेवतो. त्यांचं पुढे काय झालं, ते कॉम्प्युटरला सांगत नाही. शेवटी त्यालाच विचारतो, हा माणूस जगेल का?"

"ही त्यांच्यात असेल?"

"नावं आमच्यापर्यंत येत नाहीत. पण असू शकेल."

"मग तो काय सांगतो?"

"बहुतेकदा बरोबर सांगतो. कधी चुकतो. गेलेल्या माणसाला म्हणतो, जगेल."

तिची बस आली. उठताना तिने मुठीतले दाणे माझ्या हातावर ठेवले.

तिच्या कामाला यश यावं, असं मला मनापासून वाटतं. पण घरी परतल्यावर दारापाशी मी थबकतो. कुठल्याशा खोलीत आत्ताच त्या कॉम्प्युटरला हिच्याबद्दल विचारलं असेल, आणि तो चुकला असेल.

कुलूप काढण्याआधी मी बेल वाजवतो.