गाठ आणि घराण्याचं नाक

“साहेबाचा बॉस परवाचा पोरगा, माझा बॉस त्याच्या पणजोबाच्या वयाचा,” असं लिओनेल एकदा चर्चच्या भर सभेत म्हणाला होता. अध्यक्ष होता त्याचाच थोरला भाऊ पॉल. त्याने चहाचा कप खाली ठेवला आणि पुढचा विषय घेतला.

वसईचा हा सुतार सातासमुद्रापार हॅमिल्टनमध्ये अठरा वर्षं लोकांच्या बेसमेंटमध्ये कपाटं बसवत होता. दार लावलं की आतलं काम कुणाला दिसत नाही, हे दुःख त्याने बायकोला, आन्नाला, लग्नाच्या प्रत्येक वाढदिवशी सांगितलं होतं. २००९च्या हिवाळ्यात चर्चचं छत गळलं. छताच्या लाकडी कमानी जिथे एकमेकींना भेटतात, तिथे नारळाएवढा कोरीव गोळा असतो. त्यातला एक कुजून खाली आला. नवा करायचं काम लिओनेलने मागून घेतलं.

इंग्रजीत त्या गोळ्याला बॉस म्हणतात. लिओनेल लायब्ररीत जाऊन जाडजूड कोश उघडून बसला. जुन्या फ्रेंचमध्ये अर्थ सूज, टेंगूळ. ढालीच्या मधला फुगवटा तोच, छतावरचा गोळाही तोच. हापिसातला बॉस वेगळ्याच घरचा: डच भाषेतला ‘मालक’, तो कितीतरी शतकांनी अमेरिकेत उतरला आणि मग सगळीकडे पसरला. दोघांचं नातं नाही. तेव्हापासून लिओनेल भेटेल त्याला टेंगूळ समजावत सुटला.

दुसऱ्या एका पुस्तकात त्याला आणखी एक गंमत सापडली. जुने कारागीर अशा गोळ्यांवर गुपचूप स्वतःचं तोंड कोरत. खालून कोण ओळखणार?

बेसमेंटमध्ये आन्ना आरसा धरून उभी राहिली.

“नाक जरा कमी कर,” ती म्हणाली.

“टेंगूळच करायचंय. कमी कशाला?”

“आणि चर्चमध्ये स्वतःचं थोबाड लावतोयस हे पॉलदादाला कळलं, की तो कॅटलॉगमधला साधा गोळा मागवेल.”

“म्हणून तर तू तोंड उघडायचं नाहीस.”

मार्चमधल्या सभेत गोळा टेबलावर ठेवला गेला. लावायचा की नाही, हे पॉलवर होतं. त्याने तो उचलला, फिरवला, चष्मा पुसून पुन्हा बघितला. नाकावरून अंगठा फिरवला. आन्ना खुर्चीत पुढे सरकली.

“लिओ,” पॉल म्हणाला, “अरे, मला विचारायचंस तरी.”

“काय?”

“माझा चेहरा कोरलास. डॅडींचं नाक बरोबर उतरलंय.”

पॉलची मुलगी शर्लिन वाकून बघत म्हणाली, “डॅड, इट्स सो यू.”

“गाल जरा जास्त भरलेत,” पॉल म्हणाला. “पण चालेल. लावून टाका. आणि इतिवृत्तात लिहा, चेहरा अध्यक्षांचा.”

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. पॉलने रुमालाने डोळे टिपले. चाळीस वर्षांत धाकट्याने त्याच्यासाठी काही केल्याचं त्याला आठवत नव्हतं.

“खरं सांग लिओ, किती दिवस लपवलंस?”

लिओनेलने गोळ्याकडे पाहिलं, मग आन्नाकडे. चेहरा आपला आहे म्हणून सांगावं तर गोळा खालीच राहणार; गप्प राहावं तर तो वर जाणार, पण पॉल होऊन. आन्नाने ओठ दाताखाली धरले होते. तिला हसू आवरत नव्हतं, आणि नवऱ्याची कीवही येत होती. लिओनेलने जॅकेटची चेन गळ्यापर्यंत ओढली, गोळा पॉलपाशीच राहू दिला आणि तो बाहेर पडला.