फ्रिजवरची स्पॅनिश नाती

फ्रिजवर मी एक कागद चिकटवलाय. तीन रकाने: स्पॅनिश, इंग्रजी, मराठी. माद्रे, मदर, आई. पाद्रे, फादर, वडील. इहो, सन, मुलगा. निएता, ग्रँडडॉटर, नात. आबुएला, ग्रँडमदर, आजी. आणि यो, आय, मी. अडुसष्टाव्या वर्षी 'मी' म्हणायला नव्याने शिकतेय, आहे की नाही गंमत. भाजी परतता परतता मोठ्याने घोकते. कामाच्या बाई परवा म्हणाल्या, "आजी, सकाळी सकाळी कोणाला शिव्या घालताय?"

मुलगा स्पेनमध्ये असतो. सून तिथलीच. नात सहा वर्षांची, तिला फक्त स्पॅनिश येतं. तिच्याशी दोन शब्द बोलायला मिळावेत, एवढ्यासाठी हा उद्योग.

'तिआ'पाशी मात्र अडले. तिआ म्हणजे आंटी. मराठीच्या रकान्यात आत्या, मावशी, काकू, मामी, सगळ्यांना दाटीवाटीने बसवावं लागलं. आणि बसवताना आठवलं, की हे काम मी पूर्वी एकदा करून बसले आहे.

तेव्हा यजमान सातपूरला कारखान्यात होते. मी तिशीची, अक्कल बेताची, तोरा भरपूर. मुलाला इंग्लिश मीडियमला घातलं होतं. 'घरीही इंग्रजीच बोला' असं शाळेतून सांगितल्यावर मला चेवच आला. माझं स्वतःचं इंग्रजी 'कम हिअर' आणि 'ईट फास्ट' एवढंच, पण त्याने 'आई' म्हटलं तर मी ओ द्यायची नाही. मम्मी म्हटलं तरच. सासूबाईंची ग्रॅनी केली. नऊवारीतली ग्रॅनी. थोरल्या नणंदबाई डिंकाचे लाडू घेऊन आल्या, तो "आत्या, आत्या" करत धावला, तर मी त्याला दारातच धरलं. "से आंटी."

नणंदबाईंनी डबा माझ्या हातात ठेवला. "घे. आंटीने आणलेत म्हणून सांग त्याला." चहालाही थांबल्या नाहीत. आणि मी दिवसभर खुशीत. मूर्ख बाई.

गेल्या रविवारी व्हिडिओ कॉल झाला. मुलाला आधीच म्हटलं, "तिला निदान आजी म्हणायला शिकव ना रे."

तो ओशाळला. "मम्मी, मीच कधी कोणाला आजी म्हटलं नाहीये. कसं शिकवू?" रागाने म्हणाला असता तर बरं झालं असतं.

तेवढ्यात नात आली. तिने माझ्याकडे बघत काहीतरी विचारलं. मुलगा म्हणाला, "ला माद्रे दे पापा." पप्पांची आई. मला कळलं. महिनाभर घोकलं होतं ना, कळणारच. मी पदर सारखा केला आणि छातीवर हात ठेवून म्हटलं, "यो, आबुएला."

नातीने मागे वळून पाहिलं. ओट्याशी सुनेची आई बटाटे सोलत उभी होती. ती त्यांच्या खालच्याच मजल्यावर राहते. नातीने तिच्याकडे बोट दाखवलं. "आबुएला." मग माझ्याकडे बघून नाही अशी मान हलवली. चिडून नाही, अगदी समजावून. एखाद्या ढ मुलीचं चुकलेलं उत्तर दुरुस्त करावं तशी.

नात थांबली होती, मला समजलं का ते बघत.

मी म्हटलं, "सी." सी म्हणजे हो.