तेवीस वाटे, तेवीस फोटो

सोमवार, १८ फेब्रुवारी २००८. सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी दामिनी शेंडे तलावाच्या पाळीवर उकिडवी बसून पहिल्या वाट्यावर फोनचा कॅमेरा रोखत होती. मत्स्य खात्याचे निरीक्षक वामनराव सभासदांची यादी घेऊन मागे उभे होते.

सावली या तालुक्याच्या गावापासून नऊ किलोमीटरवरच्या या गावात ढिवरांची मच्छीमार सोसायटी आहे, सभासद तेवीस. जाळं ओढून झालं की मासळीचे सारखे वाटे पळसाच्या पानांवर मांडायचे आणि शेवटचा वाटा लागेपर्यंत कुणी हात लावायचा नाही, ही इथली रीत. तलावाचा ठेका यंदा संपत होता, आणि निम्मे सभासद कागदावरचेच आहेत अशी तक्रार झाली होती. ठेका टिकवायचा तर प्रत्येक सभासद आपल्या वाट्याशेजारी, एकाच सकाळी, नाव आणि वेळेसह फोटोत दिसायला हवा होता. आदल्या वर्षी फोटोंवर नावं मागाहून लिहिली गेली आणि पोचू या सभासदाच्या नावावर दुसऱ्याच सभासदाचा, लटारूचा, चेहरा गेला. तेव्हापासून आपला फोटो पडद्यावर पाहिल्याशिवाय कुणी जागचं हलत नसे.

गावचीच दामिनी सावलीत संगणकाचे वर्ग घेई. फोनसाठी प्रोग्राम लिहायला ती एका जुन्या पुस्तकावरून शिकली होती. तिच्या प्रोग्राममध्ये आधी सभासद क्रमांक टाकायचा, मग फोटो काढायचा. नाव आणि वेळ आपोआप बसे. संगणकावरच्या नकली फोनात सलग पन्नास फोटो निघाले होते. मागच्या गुरुवारी पाळीवर, खऱ्या फोनात, तीन निघाले आणि चौथ्याला पडदा गोठला. बंद करून चालू केला, पुन्हा तीनच.

“तीनच मानसायची सोसायटी हाय म्हनून लिवून दे,” लटारू म्हणाला.

“अन् मासोळी वास मारून राह्यली, ते कुठी लिवतेस?” सोसायटीतल्याच कमळाबाईनं विचारलं.

वाटे उचलले गेले. वामनरावांनी सोमवारची शेवटची मुदत दिली.

घरी वडिलांनी, केवळरामांनी, सरळ उपाय सांगितला. “तो फोटो दाखवनं बंद कर ना. निघते, बस झालं.”

“नाई बाबा. मांगच्या साली न पाहता अंगठे देल्ले. यंदा पाहूनच देतीन.”

फोनच्या मेमरी कार्डावर चाळीस केबीत मावणारा फोटो पडद्यावर उघडला की सहाशे केबी जागा घेतो, आणि फोन प्रोग्रामला देतो ती सारी जागा दोन हजार केबींच्या आसपास. दाखवून झालेला फोटो प्रोग्राम सोडतच नव्हता. हे शोधायला तिचे दोन दिवस गेले; दुरुस्ती एका दुपारची होती. फोटो न उघडता थेट कार्डावर जाईल, पाहायला त्याचीच तिकिटाएवढी प्रत येईल, आणि पुढचा क्रमांक टाकताच ती प्रत पुसली जाईल. कार्डावर लिहायला सहा सेकंद लागत. तेवढा वेळ एका वाट्यावरून दुसऱ्यावर जायला लागतोच, हे तिनं पाळीवर मोजून घेतलं. रविवारी अंगणातल्या कोंबडीचे चाळीस फोटो काढले. चाळिसाव्यालाही फोन पहिल्याइतकाच चपळ होता.

सोमवारी चौथ्या वाट्याशी सगळे फोनभोवती वाकले. तो लटारूचा होता. दामिनीनं बटण दाबलं, प्रत दिसली.

“मीच हाव का?” लटारूनं विचारलं.

“तूच होय. पोचू असता तं फोटो चांगला आला असता,” कमळाबाई म्हणाली, आणि पाचव्या वाट्याशी पदर सावरून बसली.

सात वाजून बावीस मिनिटांनी तेविसावा फोटो निघाला. वामनरावांनी फोन हातात घेतला, कार्डावरचा एकेक फोटो उघडून समोरच्या माणसाशी ताडला आणि यादीवर तेवीस खुणा केल्या. “ठेक्याची शिफारस करतो,” ते म्हणाले आणि तिथंच सही केली. मग वाटे उचलले गेले.

उद्या मंगळवार. गावात सकाळी सहा ते दहा वीज नाही, म्हणून फोन आज रात्रीच चार्ज करायला हवा. दामिनीचा सावलीतला वर्ग अकराला सुरू होतो.