सातव्या बेडकाची गाठ

केराबाईचा सहसा कुणावर विश्वास बसत नसे. देवळात नारळ फोडला तरी पुजारी दुसरी कवड कुठं ठेवतो, याकडं तिचं लक्ष असे. बत्तीस मेंढरं एकटीनं राखणाऱ्या विधवेला हा स्वभाव उपयोगी पडतो. पंधरा वर्षांत तिच्या कळपातलं एकही कोकरू चोरीला गेलं नव्हतं.

सोलापूरच्या दक्षिणेला सहा मैलांवर तिचं गाव. गावाबाहेर मुरूम काढून पडलेला मोठा खड्डा होता. पावसाळ्यात तो भरला की मेंढरांची सोय व्हायची. एकोणीसशे एकतीसच्या आषाढात त्या खड्ड्याच्या काठावर दर रविवारी एक माणूस येऊन बसू लागला. सायकल बाभळीला टेकवायचा, धोतर गुडघ्यावर खोचायचा आणि मांडीवर वही घेऊन पाण्याकडं टक लावायचा. पाण्यात हळदीसारखे पिवळे, ओंजळीत न मावणारे बेडूक गळ्याच्या दोन्ही अंगांना निळे फुगे काढून ओरडत. ते दरसाल येत. त्यांना बघायला माणूस यावा, हे नवीन होतं.

आदल्या वर्षी शहरात मार्शल लॉ लागला होता. तेव्हापासून वहीवाला परका माणूस म्हणजे पोलिसांचा खबऱ्या, असं गाव धरून चालायचं. केराबाईनं मेंढरं मुद्दाम त्याच अंगाला वळवली.

"पावनं, काय हरवलंय?"

"काही नाही अव्वा. बेडूक बघतोय."

"का? घरात बगन्यासारकं कुनी न्हाय व्हय?"

तो हसला. त्याचं नाव बसवराज. शुक्रवार पेठेत सुताच्या दुकानात कामाला. मालकाच्या सायकलवरून सुताचे गठ्ठे हातमागवाल्यांच्या घरी पोचवायचे, ही त्याची नोकरी. एक बेडूक पुन्हा आपल्याच जागी येतो का, एवढंच त्याला बघायचं होतं.

"आन् आला तर?"

"तर आला म्हणून लिहायचं."

केराबाईला हे पटलं नाही. येऊन-जाऊन बारा मैल सायकल हाणणारा माणूस काहीतरी न्यायलाच येतो, असा तिचा अनुभव होता.

पुढच्या आठवड्यात मेंढरं पाण्यावर असताना एक बेडूक तिच्या पायाशी येऊन पडला. त्याच्या कमरेला लाल सूत होतं. तिनं गाठ निरखली. मेंढपाळाची गाठ ओढली की सुटते. ही बारीक होती, टोकं कापलेली, नखात न येणारी. मागावर तुटलेलं सूत जोडतात तसली.

त्या दिवसापासून पाऊस थांबला.

पाऊस बांधता येतो, हे गावात कुणाला सांगावं लागत नव्हतं. कच्च्या विटा भिजू नयेत म्हणून ते पाऊस बांधतात, असा आळ वीटभट्टीवाल्यांवर दरसाल यायचा. शिवाय पाऊस रुसला की लिंबाच्या डहाळीत बेडूक बांधून पोरं घरोघर पाणी मागत फिरायची. बेडूक बांधून पाऊस आणता येतो, तर घालवताही येत असेल. केराबाईनं हा हिशेब मांडला, तेव्हा पाऊस जाऊन पंचवीस दिवस झाले होते आणि खड्ड्यात चिखल तेवढा उरला होता. आणखी आठ दिवसांत मेंढरं घेऊन भीमेकडं निघावं लागलं असतं. ती उठून मानसिंग पाटलाकडं गेली.

रविवारी पाटलानं गावातली माणसं घेऊन बसवराजला काठावरच धरलं.

"सूत तूच बांधलंस?"

"मीच. ओळखायला."

"वळकायला? ते काय तुझं जावई हाईत? किती बांधलेत?"

"सात."

"सोड सगळी. आत्ता."

"बेडूक जमिनीत गेलेत, पाटील. पाऊस पडल्याशिवाय वर यायचे नाहीत."

लोकांना वाटलं, हा थट्टा करतोय. एकानं त्याची टोपी उडवली. पाटलानं सायकल ओढून घेतली. "सातवी गाठ सुटल त्या दिवशी ही घिऊन जा."

"सायकल मालकाची आहे. नेली नाही तर काम जाईल माझं."

पाटलानं हँडल सोडलं नाही. बेडूक कुठं पुरून बसतात, हे केराबाईला ठाऊक होतं. मेंढरांवरून नजर काढायची नाही, या सवयीत बेडूकही नजरेला पडत. तिनं खुरप्यानं ओल्या काठाची माती उकरली. संध्याकाळपर्यंत सहा निघाले. बसवराजनं गाठी कापल्या. मान खाली घालून तो प्रत्येकाची जागा वहीत टिपत होता. तिनं ते पाहिलं. सातवा काही सापडला नाही. सायकल पाटलाच्या गोठ्यात गेली आणि बसवराज चालत शहराकडं.

चौथ्या दिवशी पाऊस लागला आणि दीड दिवस पडला. सहा गाठी सुटल्या म्हणूनच, असं गाव म्हणालं. केराबाई खड्ड्यावर गेली, तर बाभळीच्या मुळाशी एक बेडूक ओरडत होता. आषाढातही तो तिथंच बसलेला तिनं पाहिला होता. पिवळेपणा उतरला होता. कमरेला लाल सूत होतं.

तिनं वाकून गाठ तपासली. मग तिनं त्याला पदरात गुंडाळलं आणि पाटलाचा वाडा गाठला.

"ह्यो सातवा. ह्यो बांधलेला असताना पाऊस पडला. म्या उगं आळ घेतला. सायकल द्या."

पाटलानं डोळे बारीक केले. "तूच सूत बांधून आनला नसशील कशावरनं? त्यानं काय दिलं तुला?"

आयुष्यभर लोकांना जे विचारलं, ते तिला पहिल्यांदाच कुणीतरी विचारत होतं.

"गाठ बगा," ती म्हणाली. "आन् मला बांधून दावाय सांगा तसली. माज्या बापाला यायची न्हाय."

तिनं डोक्यावरच्या चुंबळीचं सूत पुढं केलं. पाटलानं स्वतः दोनदा तशी गाठ मारून पाहिली. दोन्ही वेळा निसटली. मग त्यानं दारातल्या बैलाला उगाच शिवी दिली आणि गोठ्याकडं बोट केलं.

लाल सूत कापून केराबाईनं बेडूक खड्ड्यात सोडला. दुसऱ्या दिवशी मेंढरं जावेच्या हवाली करून, ती मोजून दाखवून, सायकल हातानं ढकलत ती सहा मैल चालली. शुक्रवार पेठेत विचारत विचारत तिनं त्याचं घर गाठलं. बसवराजनं दार अर्धंच उघडलं. चार दिवस तो गठ्ठे डोक्यावरून वाहत होता. मालकानं शनिवारपर्यंत मुदत दिली होती. तो दारातून बाहेर आला नाही.

"आता आणखी काय राहिलं?"

केराबाईनं सायकल भिंतीला टेकवली.

"बाभळीच्या मुळाशी," ती म्हणाली. "सातवा आपल्याच जागी आला. लिवून घ्या."