भेगाळलेलं खाचर

मानपाड्याच्या पुढे आमची भातशेती होती. माझा वाटा मी विकला. तिथे आता तीन टॉवर आहेत आणि त्यांतल्याच एकात मी राहतो. शेजारचं एक एकर काकीचं. तिने ते विकलं नाही. एखाद्या वर्षी भात बुडालं, की "आई, बस झालं आता" म्हणायला तिचे मुलगे टपलेलेच असतात.

हे माहीत असूनही गेल्या वर्षी मीच, एका प्रयोगाला खाचर दे म्हणून, तिच्या मागे लागलो. कृषी महाविद्यालयातली एक मुलगी प्रयोगासाठी खाचर शोधत होती. खाचरात महिनोन्‌महिने पाणी तुंबलं, की खालच्या चिखलातून मिथेन सुटतो आणि तो हवा तापवतो, हे मला तिच्याकडूनच कळलं. वाढत्या उकाड्यासाठी इतकी वर्षं मी टॉवरांनाच दोष देत आलेलो, तेही स्वतः एका टॉवरात बसून. जमीन राखली नाही, निदान एवढं तरी करावं, असं वाटलं.

त्या मुलीने चिखलात भोकं पाडलेली प्लास्टिकची नळी रोवली. नळीतलं पाणी लाल खुणेपर्यंत उतरलं, की मगच खाचर भरायचं. तोवर वर भेगा पडल्या तरी चालेल.

"भेग परली तं लोक हसतील रं," काकी म्हणाली. पण माझ्या शब्दाखातर तयार झाली.

ऑगस्टमध्ये पावसाने दडी मारली. आठव्या दिवशी केसासारखी पहिली भेग दिसली. आमच्याकडे भेगाळलेलं खाचर म्हणजे घरातल्या पुरुषाने बांधाकडे पाठ फिरवली, असंच समजतात. शेजारचा शेतकरी बांधावरून ओरडला, "काय शेट, इथंपन टॉवर टाकताय का?"

मी हसलो, पण ते मनाला लागलं. भात गेलं तर काकीची जमीन माझ्यामुळे जाणार होती. लाल खूण अजून लांब होती. दुसऱ्या दिवशी पहाटे मी ओढ्यावरचा पंप लावून खाचर भरून टाकलं.

सकाळी ती मुलगी आली. नळी काठोकाठ भरलेली.

"आजी, इकडे पाऊस झाला का?"

"झाली असेल एखादी सर," काकीच्या आधी मीच बोललो. माझ्या पँटला गुडघ्यापर्यंत ताजा चिखल होता. काकीने तो पाहिला. मुलगी वहीत 'पाऊस' लिहायला लागली, तेव्हा मात्र मला राहवलं नाही.

"लिहू नका. पाऊस नाही झाला. मी पंप लावला."

काकी कमरेवर हात ठेवून माझ्याकडे बघत राहिली. "जमीन इकताना हात थरथरला नाय तुझा. भेग बघून थरथरला?"



मुलीने ओळ खोडली. मग चिखलात उतरून तिने एक रोप उपटलं, पलीकडच्या तुंबलेल्या खाचरातलंही एक आणलं. त्याची मुळं काळपट होती, आमच्या रोपाची पांढरी आणि लांब. काकीने ती बोटांनी चाचपली, वास घेतला. मग फावडं उचलून तिने बांध फोडला आणि मी भरलेलं पाणी सोडून दिलं.

पुन्हा भेगा पडल्या. मी रोज जाऊन त्या बघायचो, पण पंपाला हात लावला नाही. भात फुलोऱ्यावर आलं, तेव्हा मुलीच्या सांगण्यावरून तेवढे दिवस पाणी ठेवलं. झोडणी झाली तेव्हा भात दरवर्षीइतकंच निघालं. पंप मात्र निम्म्याहून कमी चालला होता.

एका एकराने हवा किती थंड होणार, असं मीच त्या मुलीला विचारलं. "एकट्याने नाही, काका," ती म्हणाली, "पण भातशेती केवढी आहे, ते बघा."

यंदा रोपं लावल्यावर शेजारचा शेतकरी काकीकडे आला. "ती नली कुठं मिलते?"

"ती कालेजातली पोर फुकट देते," काकी म्हणाली. "पन भेग बघवली पायजे."

आता त्याच्या खाचरातही दोन नळ्या आहेत. आणि काकीच्या मुलांनी विक्रीचा विषय निदान यंदा तरी काढलेला नाही.