पहिलं पाऊल घरच्या लक्ष्मीचं

लाकडी फरशी बसवून झाली की हिलालनाना तिच्यावर पाय ठेवत नसत. दारापर्यंत मागे सरकत काम संपवायचे आणि गोंद सुकल्यावर दुसऱ्या दिवशी येऊन घरातल्या बाईला हाक मारायचे. सुरतेतल्या आमच्या अडाजणच्या फ्लॅटमध्ये माझा नवरा उत्साहाने पुढे झाला, तर नानांनी हात आडवा धरला. "थांबा साहेब. घरनी लक्ष्मी पयले चालस." बँकेत सगळ्यांवर डाफरणारा माणूस मुकाट मागे सरला. मला नाना तेव्हाच आवडले.

नाना मूळचे अमळनेरकडचे. मिलमध्ये नोकरीला म्हणून सुरतेला आले आणि पुढे या कामात शिरले. घाई हा शब्द त्यांना ठाऊक नव्हता. सिमेंटचा मसाला ओतून जमीन सपाट केली की ओल तपासायला तिच्यावर प्लास्टिकचा तुकडा चारी बाजूंनी चिकटवायचे. सकाळी प्लास्टिकच्या आत थेंब दिसले की काम बंद. मी चिडले की म्हणायचे, "ताई, जमीन वरतून हासस, पोटमा रडस. तिले रडी लेवू द्या." माझी चिडचिड चहात विरघळायची.

मग त्यांच्या बायकोला, सिंधूबाईंना, अर्धांगाचा झटका आला. बमरोलीच्या त्यांच्या खोलीत बसून साड्यांवर खडे चिकटवणारी ती हसरी बाई वॉकर धरून चालायला शिकू लागली. खोलीची जमीन खड्ड्याखड्ड्यांची, वॉकर डगमगायचा. नानांनी ठरवलं, आपल्याही घरात लाकडी फरशी घालायची. आमच्याकडच्या उरलेल्या फळ्या मीच रिक्षातून नेऊन दिल्या. खोली रिकामी हवी म्हणून सिंधूबाईंना कतारगामला लेकीकडे ठेवलं होतं.

मी गेले तेव्हा त्यांचाच फोन स्पीकरवर चालला होता. "माले घर कव्हय लई जाशात?" जड जिभेने त्या विचारत होत्या. नानांनी जमिनीवरच्या प्लास्टिककडे पाहिलं. "ओल शे अजून. फळ्या फुगतीन, तू पडशीन." पलीकडून त्या म्हणाल्या, "पडसू तर तुम्ही शेतस ना." नाना हसले. मीही हसले.

खाडीजवळची जागा ती, ओल हटेना. रोज फोन यायचा आणि रोज नाना तेच सांगायचे. अशातच लेकीच्या घरी सिंधूबाईंना दुसरा झटका आला आणि त्या गेल्या.

त्यांना बमरोलीला आणलं. खाली ठेवायला जागा करायची म्हणून नानांनी ते प्लास्टिक ओढून काढलं, उलटं केलं, दारातल्या उजेडात धरलं. एकही थेंब नव्हता. ते हातात घेऊन नाना तसेच उभे राहिले. शेवटी जावयाने ते हळूच सोडवून घेतलं. मला तिथे थांबवेना. मी बाहेर येऊन ओट्यावर बसून रडले.

तेरावं झाल्यावर नानांनी फरशी बसवली. कोणी सांगूनही थांबले नाहीत. मी गेले तेव्हा ते उंबऱ्याबाहेर बसले होते. आत फरशी इतकी सुरेख बसली होती की कुठे सांधा दिसत नव्हता. सिंधूबाईंचा वॉकर त्यांच्याजवळ बाहेरच होता.

"नाना, गोंद सुकला का?"

"कव्हयना सुकना."

"मग आत चला ना."

त्यांनी मान हलवली. "पयलं पाऊल तिनं व्हतं, ताई. आते कोन चालीन?"

मी चपला काढल्या होत्या. तशीच त्यांच्याशेजारी, बाहेर बसले.